लोकवाद्यवृंदाची वही

जिमखान्यामागची खोली, सोलापूर. पुढच्या वर्षी जो कुणी वृंद बसवेल त्यानं आधी ही वही वाचावी, मग कपाट उघडावं.

५ ऑगस्ट, सोमवार

युवा महोत्सवाचं पत्रक आलं. महोत्सव सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आपलं कॉलेज नाटकात, मूकाभिनयात, रांगोळीत दरवर्षी असतं. लोकवाद्यवृंदाचा रकाना कोरा जातो. यंदा तो भरायचा हे प्राचार्यांनी परस्पर ठरवलं आणि मला बोलावून घेतलं. कॉलेजात असताना मी ढोलकी वाजवायचे, एवढ्याच भांडवलावर.

नियम: जास्तीत जास्त बारा वादक, दहा मिनिटं, वय २५ च्या आत, ध्वनिमुद्रित काही वाजवायचं नाही. इथे निवडलेले पुढे विद्यापीठाच्या संघात जातात. मग राज्याचा ‘इंद्रधनुष्य’ असतो, जो २००३ पासून राज्यपालांच्या पुढाकारानं भरतो, आणि भारतीय विद्यापीठ संघाचा विभागीय महोत्सव. पोरांना आत्ताच हे सांगितलं तर ती गुणांसाठी वाजवतील, म्हणून गप्प आहे.

कपाट उघडलं. ढोलक्या दोन, एकीची शाई उडालेली. पखवाज बरा. टाळ आहेत, दोऱ्या कुजल्यात. तुणतुणं आहे, तार नाही. लेझमी पोतंभर, निम्म्यांच्या चकत्या गळाल्यात. तळाला एक जुनी खंजिरी निघाली, घोरपडीच्या कातड्याची. ती वाजवायची नाही. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. गोव्यात घुमटाला हेच कातडं लागायचं, आता तिकडेही बकऱ्याचं चढवतात, आणि २०१९ मध्ये घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरही झालं. म्हणजे कातडं बदललं म्हणून वाद्य बुडालं नाही. खंजिरी कार्यालयात जमा केली, वन विभागाला पत्र लिहा म्हटलं. शिपाईमामांना वाटलं मी त्यांचीच तक्रार करतेय.

८ ऑगस्ट, गुरुवार

नावनोंदणी. खोली भरून पोरं बाहेर पायरीवर. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेत आणि त्यात कलाही मोजतात, त्यामुळे ही गर्दी. “ताई, क्रेडिट मिळणार ना?” हाच पहिला प्रश्न. मिळेल म्हटलं. गिटारवाले, कीबोर्डवाले, काहीच न वाजवणारे. गिटारवाल्यांच्या हातात टाळ दिले. एकजण उठून गेला, दोघं राहिले. त्यांची लय पक्की आहे, फक्त टाळ छातीशी धरायचा की पोटाशी यावर चर्चा फार करतात.

जमेच्या बाजूला: एक सुंदरीवाला. सुंदरी सनईहून आखूड, आवाज चढा आणि गोड. सोलापूरच्या जाधव घराण्यानं ती मैफलीपर्यंत नेली. आपल्या शहराचं वाद्य आणि कॉलेजातल्या बहुतेकांनी आज ते पहिल्यांदा जवळून पाहिलं. संबळ वाजवणारा गोंधळ्याच्या घरचा आहे. दिमडीवाला वाघ्याच्या घरचा, घरात खंडोबाची वारी. चौंडकं एक मुलगी वाजवते, आजी आराधी आहे तिची. कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षाला आहे.

आमच्यात नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, वाद्यानं मारतात. “ए चौंडकं, खिडकी लाव.”

१३ ऑगस्ट, मंगळवार

हलगी नाही. लेझीम घ्यायची तर हलगी पाहिजे, आणि यादीत एकानंही हलगी लिहिलेली नाही. इथे गणपतीत, गड्ड्याच्या जत्रेत, कुठल्याही मिरवणुकीत हलगी कानावर पडते, मग कॉलेजातच कशी नाही?

लेझमीत नाव दिलेला बी.कॉम.चा एक मुलगा आहे. बाकी पोरं चर्चा करत असताना तो बाकाच्या कडेवर वाजवत बसला होता. उजव्या हाताच्या तळव्यानं जाड ठोका, डाव्या हाताच्या एकाच बोटानं मधले बारीक. हलगीला उजव्या हातात टिपरू आणि डाव्यात बारीक छडी असते, तशीच वाटणी.

“घरी हलगी आहे?”

“आहे की.”

“मग?”

“वडील वाजवत्यात. मी नाही.”

तालीम संपल्यावर स्वतःच थांबला. म्हणाला, “जत्रंला वडलांना बोलवत्यात. देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायचं. वर ये म्हणून कुणी म्हणत नाही. तेच सोंग इथं फेटा बांधून करायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, मला जमणार नाय ताई.”

मी आग्रह केला नाही. बाबासाहेबांच्या चळवळीत गावकीची कामं सोडली तेव्हा कितीतरी घरांनी वाजवणंही सोडलं, ते उगाच नाही. आपण कॉलेजवाले ‘लोकपरंपरा’ म्हणून जे गोळा करतो त्यातलं निम्मं कुणाच्या तरी गळ्यात बांधलेलं काम होतं. लेझमीतच राहा म्हटलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

आराखडा ठरला. सुरुवातीला सुंदरीची मोकळी आलापी, एक मिनिट. मग गोंधळ, अडीच मिनिटं. पखवाज-टाळ, भजनी ठेका, दीड. चौंडकं एक मिनिट. दिमडी आणि मुरळीची घाटी दीड. शेवटी लेझीम दीड. बेरीज नऊ. एक मिनिट हातचं.

सूर सुंदरीचा धरायचा, कारण तिची पट्टी बदलता येत नाही. बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. तुणतुण्याला नवी तार आणली, खुंटी पिळली की तिथे पोचतं. चौंडक्याची गंमत वेगळी. एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं, कातड्याच्या मध्यातून तार निघते. वाद्य काखेत दाबायचं, एका हातानं तार ताणायची, दुसऱ्या हातातल्या काडीनं छेडायची. ताण वाढवला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो, आणि मध्ये कुठे पडदा नाही, खूण नाही. तिला म्हटलं सुंदरीचा पंचम धर. तिनं काख घट्ट केली, तार जरा ओढली, थांबली, पुन्हा केसभर सोडली आणि बसला. कशानं ओळखलंस विचारलं तर म्हणाली, “आजीचं गाणं इथूनच सुरू होतं.” तिला पंचम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आता सगळ्यांना पंचम शिकवायचं माझं मनात होतं ते सोडून दिलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

रिपरिप पाऊस. सगळी कातडी उतरलीत. दिमडीला हात मारला की ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक सुटायला लागली. ती वाजवायच्या आधी ताजी लावायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. पोरांनी तशीच ठेवली आणि रात्री उंदरांनी बाजू साफ केली. कातडं वाचलं.

लेझीमवाल्या पोरांनी कुठून तरी फायबरची हलगी आणली. नटबोल्टची, पाऊस असो ऊन असो, पट्टी हलत नाही. सोयीची आहे हे मान्य. पण ठोका पडल्यावर मागे काही उरत नाही, टप की बंद. एक पोरगा ती बडवत होता, दोन्ही हातांनी सारख्या जोरानं. आमचा बी.कॉम.वाला दारात उभा. थोड्या वेळानं आला, त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि म्हणाला, “बास कर बे. डावा हात मरतोय तुझा.” मग सगळा ठेका एकदा वाजवून दाखवला, हलगी परत दिली आणि घरी गेला.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज तो घरची हलगी घेऊन आला. कडं लोखंडी, कातडं बकऱ्याचं. अटी आधी, वाजवणं नंतर.

फेटा, बाराबंदी, काहीच घालणार नाही. निवेदनात हलगीबद्दल ‘अमुक समाजाचं पारंपरिक वाद्य’ हे वाक्य नको. मागच्या रांगेत उभा राहणार नाही. वडिलांना बोलवायचं आणि पुढच्या रांगेत खुर्ची द्यायची.

पहिल्या तीन अटींना मी जागेवर हो म्हटलं. चौथी माझ्या हातात नाही, पण मिळवेन.

सांस्कृतिक विभागातल्या सरांना फेट्याचं पटेना. ड्रेसवाल्याला आगाऊ रक्कम दिली होती. “परीक्षकांना रंग दिसला पाहिजे,” म्हणाले. केशरी सॅटिनची बाराबंदी घालून टाळ कुटणारा गिटारवाला मला तरी बघवणार नव्हता. शेवटी बाराही जणांना पांढरा शर्ट आणि काळी विजार ठरली. मुलींना हवं तर पांढरा कुडता. आगाऊ रक्कम नाटकाच्या कपड्यांकडे वळवली.

५ सप्टेंबर, गुरुवार

हलगी आल्यापासून तुणतुणं ऐकू येत नाही.

हा खरा तांत्रिक पेच आहे आणि कुठल्याही वृंदात येतो. नेहमीचा उपाय म्हणजे हलगी आणि तिच्या साथीचं घुमकं मागे, पडद्याला टेकून, आणि तारवाद्यं पुढे. पण तिसरी अट. आज वेगवेगळ्या जागा करून बघितल्या. जमलं ते असं: हलगी पुढेच, पण प्रेक्षकांच्या डाव्या टोकाला, तोंड विंगेकडे वळवून, माइक नाही. तुणतुणं, चौंडकं, सुंदरी उजव्या बाजूला, त्यांचे माइक अगदी जवळ, आणि माइकची पाठ हलगीकडे. माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. संबळ मधोमध. घुमक्याला मागे जायला काही हरकत नव्हती, तो फर्स्ट इयरचा आहे, कुठेही उभा राहील.

आता हलगीवाला सुंदरीच्या बरोबरीनं पुढच्या रेषेत आहे आणि तुणतुणंही कानावर येतं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. अनंत चतुर्दशीपर्यंत संध्याकाळची तालीम बंद, कारण लेझमीवाले आपापल्या मंडळात. सोलापुरात या दिवसांत पोरगं घरी सापडत नाही. तालीम सकाळी साडेसातला, जे येतील त्यांना घेऊन.

१८ सप्टेंबर, बुधवार

सगळे परत. आवाज बसलेत, हात मात्र भरून आलेत. दहा दिवस डॉल्बीशी झुंजत लेझीम केल्यावर जोर वाढला, लय पळायला लागली. आज पूर्ण वादन आठ मिनिटांतच संपलं. पोरं खूश. मी नाही.

पोरांनी आंतरविद्यापीठीय महोत्सवांच्या चित्रफिती पाहून ठेवल्यात. तिथले वृंद शेवटी एकदम चढतात, ढोलकी-हलगीची सवालजवाब, तिहाईवर तिहाई, आणि सभागृह उठून उभं. आपणही तसंच करू, असा धोशा. लेझमीत करा म्हटलं, तिथे ते शोभतं. गोंधळाला हात लावायचा नाही. संबळाचा गोंधळ संथ सुरू होतो, देवीला बोलवायला वेळ लागतो. डाव्या अंगाच्या मोठ्या तोंडावर वाकडी काठी पडते, तिचा घुमार विरू द्यायचा आणि मग उजवीकडची सरळ काठी. घाई केली की दोन भांडी बडवल्यासारखं होतं. संबळवाला मान खाली घालून हसत होता. त्याला हे मी सांगायची गरज नव्हती, पण बाकीच्यांसमोर कुणीतरी बोलणं भाग होतं.

भजनीच्या आठ मात्रांतून दिमडीच्या सहांत जाताना सगळे अडखळतात. जोड हलगीवाल्यानं बसवली: पखवाजाची तिहाई संपते त्याच समेवर दिमडी सुरू, मात्रेची गती तीच, फक्त आवर्तन लहान. घुमकं मध्ये एक ठोका गिळतं. ऐकायला सोपं, वाजवायला भयंकर.

२३ सप्टेंबर, सोमवार

अंतर्गत परीक्षा लागल्या, नेमक्या याच आठवड्यात. दिमडी आणि एक टाळ गैरहजर. हजेरीचं पत्र विभागप्रमुखांकडे दिलं, सही उद्या म्हणाले. संबळवाल्यानं सांगितलं, ३ ऑक्टोबरला घटस्थापना, त्याच्या आदल्या दिवशी तो तुळजापूरला जाणार, नवरात्रभर घरच्यांसोबत गोंधळ घालतो. नवरात्रातल्या तारखांना संबळ मिळणार नाही हे पुढच्या वर्षीच्या समन्वयकानं आत्ताच लिहून घ्यावं.

बोनाफाईड, ओळखपत्रांच्या प्रती, वयाचे दाखले, सगळं एका फाईलला लावलं. या कामात माझे वादनापेक्षा जास्त तास गेलेत.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सभागृहात ध्वनीची तपासणी. आमच्या वाट्याला थोडाच वेळ. माइक कुठे हवेत याचा कागद आधीच काढून नेला होता, तो ध्वनी सांभाळणाऱ्या दादांनी बघितला आणि पहिल्यांदा हसले. “हलगीला माइक नको? सगळे दोन मागतात.” नको म्हटलं. तुणतुण्याला जवळ द्या. दिला.

मागे जाळ चालणार नाही, साहजिक आहे. हलगी तापवायची कशावर? हलगीवाला म्हणाला कागद पेटवून दोन मिनिटांत होईल. सुरक्षारक्षक म्हणाला पेटवून तर बघ. मग रंगमंचामागचा एक जुना हॅलोजन दिवा मिळाला. हलगी त्याच्यासमोर धरायची, थांबवायची नाही, सतत फिरवायची. मधूनमधून बोटाची टिचकी. आधी धप्प, मग टप्, मग कातड्याचा रंग जरा उजळतो आणि टिचकीला टण् असं उत्तर येतं, तिथे लगेच बाजूला. त्यापुढे गेलं की कातडं तडकतं. दमट हवेत ही पट्टी फार टिकत नाही, म्हणून आमच्या आधीचा संघ रंगमंचावर गेला की तापवायला घ्यायची.

२८ सप्टेंबर, शनिवार

झालं.

दुपारचं सत्र, उशिरा सुरू. हलगीच्या वडिलांना कॉलेजची गाडी आणायला गेली. पुढच्या रांगेची खुर्ची मिळाली, पण त्यासाठी आमचे सर स्वतःची सोडून मागे जाऊन बसले. ते मला नंतर कळलं, आणि फेट्यावरून त्यांच्याशी घातलेल्या वादाचं जरा वाईट वाटलं. जरा.

निवेदन छोटं: कॉलेजचं नाव, वाद्यांची नावं, वादकांची नावं. हलगीच्या नावाला लेझमीवाल्यांनी मागून शिट्टी मारली.

सुंदरीनं उघडलं. पहिला स्वर किंचित फुटला, पत्ती कोरडी पडली असणार, दुसऱ्याला सावरला. गोंधळ संथच गेला. प्रेक्षकांत चुळबूळ ऐकू येत होती आणि संबळवाला तसूभरही हलला नाही. मग तुणतुणं मिसळलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, हे मी मागे उभी राहून ऐकलं. भजनी, चौंडकं. चौंडक्याला टाळ्या पडल्या, एका मिनिटाच्या तुकड्याला! आठातून सहांत जोड बसली, पण पोरं पळाली थोडी. लेझमीत हलगी आणि ढोलकीची सवालजवाब, पोरांना पाहिजे होती तशी. एकूण नऊ मिनिटं आणि काही सेकंद.

हलगीचे वडील रंगमंचामागे आले. पोराच्या हातातली हलगी घेतली, कातड्यावरून अंगठा फिरवला. “लई तापवलीस.” मग म्हणाले, “दिमडीत जाताना घाई झाली. घुमक्यानं वाट बघायला पाहिजे होती.” घुमकं पाच फुटांवर उभं होतं, मान हलवत होतं. सर पुढे झाले, पाया पडले त्यांच्या. ते मागे सरकले. अवघडलेच ते, आणि सगळेच.

३० सप्टेंबर, सोमवार

दुसरा क्रमांक. पहिला क्रमांक ज्यांना मिळाला त्यांचं वादन मी ऐकलं; सफाई आमच्याहून जास्त होती, निकाल बरोबर आहे. आमच्या संबळाला आणि चौंडक्याला विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठी बोलावणं आहे. परीक्षकांपैकी एकजण म्हणाले, वेशभूषा असती तर दृश्य परिणाम वाढला असता. दुसऱ्या परीक्षकांनी हलगी पुढे असूनही तारवाद्यं कशी ऐकू आली ते विचारलं. माइकचा कागद त्यांना दिला.

पोरांनी विचारलं, हलगीला का नाही बोलावलं. निवडसमितीला विचारा म्हटलं. हलगीवाला म्हणाला, “मला सीए फाउंडेशनची परीक्षा आहे बे, कुठं जाऊ?”

४ ऑक्टोबर, शुक्रवार

संबळ तुळजापूरला गेला. निवडीची तारीख नवरात्रानंतरची मिळावी म्हणून अर्ज केलाय, उत्तर यायचंय.

हिशेब दिला: तारा, टाळांच्या दोऱ्या, पखवाजाची ओढ, लेझमीच्या चकत्या, चहा. चहाचं बिल वाद्यांच्या बिलाच्या जवळपास आहे, लेखापालांनी भुवया उंचावल्या.

खरेदीची मागणी वेगळ्या कागदावर केली आहे: बकऱ्याच्या कातड्याची हलगी एक, घुमकं एक, दिमड्या दोन, हॅलोजन दिवा एक. हलगी कुणाकडून घ्यायची ते हलगीच्या वडिलांना विचारून लिहिलंय. दर त्यांनीच सांगितला आणि दुकानातली घेऊ नका म्हणाले. फायबरची हलगी ज्या मंडळाची होती त्यांना परत केली.

पखवाजाची कणीक खरवडली आहे. चौंडक्याची तार सैल सोडून ठेवली आहे, कुणी घट्ट करू नये. किल्ली शिपाईमामांकडे.